गाय पाचव्या महिन्यात गाभडते तेव्हा: वार उकिरड्यावर टाकण्याआधी

फलटणकडून माळशिरसकडे जाणाऱ्या पट्ट्यातल्या एका गोठ्यावर जानेवारीतल्या एका सकाळी मी पोचलो, तेव्हा गाय दावणीला उभी राहून शांतपणे रवंथ करत होती. ताप नव्हता, चारा सोडलेला नव्हता. शेपटीला चिकटलेला वाळका लाल ओघळ सोडला तर रात्री काही घडलंय असं तिच्याकडे बघून वाटलं नसतं. वासरू उकिरड्यावर पडलं होतं, मोठ्या मांजराएवढं, अंगावर केस नसलेलं. आणि गोठ्यातला मोती कुत्रा वारेचं, म्हणजे गर्भाभोवतीच्या आवरणाचं, एक टोक तोंडात धरून ती ढिगामागे ओढत होता. घरच्या वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, वर्षातली ही तिसरी. पोळ्याच्या आदल्या दिवशी भरली होती. आत्ता संक्रांत झाली, म्हणजे पाचवा लागला होता."

गायीला तपासलं, गर्भाशय साफ होण्यासाठी औषधं दिली, सांसर्गिक गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलाच्या तपासणीसाठी रक्त घेतलं आणि निघालो. वासराकडे मी वळूनही पाहिलं नाही. ही चूक माझी होती, आणि ती कळायला पुढचे आठ महिने आणि आणखी दोन गायी गेल्या. त्या गोठ्याला छळणाऱ्या आजाराचं उत्तर त्या उकिरड्यावरच्या वासराच्या मेंदूत होतं. आणि तोच आजार पुढे नेणारी वाट मोतीच्या तोंडात होती. पुरावा आणि पेरणी दोन्ही एकाच ठिकाणी पडलेली असतात. म्हणून गाभडलेलं वासरू आणि वार हातातून जाऊ द्यायची नाही, ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बाकीचं सगळं तिथूनच सुरू होतं.

आधी शत्रू कोण ते समजून घ्या

गाभ पडण्याची कारणं पुष्कळ आहेत. जिवाणू, विषाणू, बुरशी, विषारी चारा, मार, उन्हाचा ताण. आपल्याकडे ब्रुसेलाचं नाव आता बहुतेक पशुपालकांना माहीत असतं. परजीवींचं नाव मात्र क्वचित निघतं, आणि परजीवी म्हटलं की लोकांना जंत आठवतात. जंताच्या गोळीचा इथे काही संबंध नाही. गाभ पाडणारे हे परजीवी एकपेशीय असतात, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.

गायींच्या कळपात तीन तऱ्हांनी ते नुकसान करतात. पहिला निओस्पोरा कॅनायनम, कुत्र्याशी नातं असलेला. या लेखातली बहुतेक जागा त्याच्यासाठी आहे. दुसरा ट्रायट्रायकोमोनास फीटस, वळूकडून लागणारा. तिसरे गोचिडातून येणारे रक्तातले परजीवी, थायलेरिया आणि बबेसिया. ते गर्भाशयापेक्षा गायीलाच आजारी पाडतात आणि तापाच्या भरात गाभ जातो.

निओस्पोरा तसा नवा माहीत झालेला आजार. १९८४ मध्ये नॉर्वेतल्या कुत्र्यांमध्ये तो पहिल्यांदा वेगळा म्हणून लक्षात आला. १९८८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणारे मूळचे भारतीय परजीवीशास्त्रज्ञ जितेंदर दुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं. पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या दुधाच्या गायींच्या गर्भपाताशी त्याचा संबंध जोडला गेला. कुत्राच त्याचा मुख्य यजमान आहे हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. आज जगभरच्या दुधाच्या गोठ्यांमध्ये गर्भपाताच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. आपल्याकडेही पंजाबातल्या गायी-म्हशींच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे हा परदेशातलाच आजार आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणायला जागा नाही.

त्याचं चक्र नीट डोक्यात बसलं की उपाय आपोआप सुचतात. कुत्र्यानं बाधित वार, गर्भ किंवा कच्चं मांस खाल्लं की परजीवी त्याच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर ती लगेच लागण करत नाहीत. एक ते तीन दिवसांत पिकतात. मग चाऱ्यातून, मुरघासातून, पाण्यातून गायीच्या पोटात जातात. गाय आजारी पडत नाही. परजीवी तिच्या मेंदूत आणि स्नायूंत कोष करून बसतो, आणि एकदा बसला की जन्मभर. गाय गाभण राहिली, तिची प्रतिकारशक्ती गाभासाठी थोडी सैल झाली की तो जागा होतो आणि वारेतून वासरापर्यंत पोचतो.

मग तीनपैकी एक होतं. वासरू पोटात मरतं आणि गाय गाभडते. किंवा वासरू अशक्त जन्मतं, कधी मागचे पाय लुळे, कधी उभंच राहू न शकणारं. किंवा, आणि हे सगळ्यात जास्त वेळा घडतं, वासरू ठणठणीत दिसतं पण जन्मतःच बाधित असतं. ती कालवड मोठी होते, गाभण राहते आणि तेच चक्र तिच्या पोटी चालू होतं. आईकडून वासराकडे जाण्यात हा परजीवी इतका तरबेज आहे की काही कळपांत बाधित गायींच्या १०० वासरांपैकी ९५ पर्यंत बाधित जन्मलेली आढळली आहेत.

एका गायीकडून शेजारच्या गायीला मात्र तो थेट लागत नाही. शेजारी बांधल्यानं नाही, एका गव्हाणीत खाल्ल्यानं नाही, दूध काढणाऱ्याच्या हातानंही नाही. वाट एक तर कुत्र्यातून आहे, नाही तर आईच्या पोटातून.

पहिला तास

गाय गाभडलेली दिसली की आधी कुत्रा बांधा. हे वाचायला साधं वाटतं, पण मी जितक्या गोठ्यांवर गेलो त्यातल्या बहुतेक ठिकाणी माझ्याआधी कुत्रा पोचलेला होता.

मग हात. कोपरापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय वासराला, वारेला, त्या जागेच्या पाण्याला हात लावू नका. निओस्पोरा माणसाला होतो असं दिसलेलं नाही, पण त्या क्षणी तुम्हाला कारण माहीत नसतं. ब्रुसेला असेल तर तो माणसाला होतो. उतरता-चढता ताप, रात्री दरदरून घाम, सांधे धरणं, महिनोन्‌महिने. आमच्या व्यवसायातले कितीतरी लोक तो अंगावर घेऊन जगतायत. म्हणून घरातल्या गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. कारण कळेपर्यंत त्या गायीचं दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही.

गायीला दावणीतून सोडून वेगळ्या जागी बांधा. वार अडकली असेल तर ओढू नका, वीट बांधून लटकवू नका. डॉक्टरांना बोलवा. जवळ कुणी नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

वासरू आणि वार जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकात एक, तोंड बांधून सावलीत ठेवा. जवळ बर्फाच्या बाटल्या ठेवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठवल्यावर पेशी फुटतात आणि मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येत नाहीत. जागेवर चुना किंवा फिनेल टाका, ओलं गवत उचलून जाळा.

वासराची लांबी मोजा

हे मिनिटाचं काम आहे आणि कुणी करत नाही. शिंप्याची टेप घ्या. वासराच्या टाळूपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून लांबी मोजा. गर्भाचं वय ठरवायला आम्ही एक सोपा आडाखा वापरतो: जितके महिने, त्याला त्यात दोन मिळवून गुणायचं. तीन महिन्यांचा गर्भ साधारण ३ गुणिले ५ म्हणजे १५ सेंटिमीटर, चार महिन्यांचा २४, पाच महिन्यांचा ३५, सहा महिन्यांचा ४८, सात महिन्यांचा ६३.

वय कळलं की संशय कुठे न्यायचा ते कळतं. भरल्यानंतर गाय अवेळी उलटत असेल, म्हणजे पुन्हा माजावर येत असेल, किंवा चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आत गाभ जात असेल आणि गावचा वळू वापरला असेल, तर ट्रायकोमोनासचा विचार करा. पाचव्या-सहाव्या महिन्यात, गाय बाहेरून धडधाकट असताना गाभडली तर निओस्पोरा. सातव्या महिन्यानंतर, वार अडकून, तर आधी ब्रुसेला. ताप, सुजलेल्या गाठी किंवा कॉफीसारखी लघवी असेल तर महिना कुठलाही असो, गोचिडाचा आजार. हे नियम दगडावरचे नाहीत. निओस्पोराची गाय तिसऱ्या महिन्यापासून शेवटपर्यंत कधीही गाभडू शकते. पण पहिला अंदाज बांधायला ते उपयोगी पडतात.

गर्भाची अवस्थाही लिहून ठेवा. निओस्पोरात वासरू पोटात आधी मरून काही दिवसांनी बाहेर येतं, त्यामुळे ते बऱ्याचदा कुजत चाललेलं असतं, कधी वाळून मम्मीसारखं झालेलं. "एवढं नासलेलं काय पाठवायचं" म्हणून ते टाकून दिलं जातं. टाकू नका. मेंदू पाण्यासारखा पातळ झाला असला तरी त्यातून परजीवीचा जनुकीय माग काढता येतो.

नमुना: काय, कसं, कुठे

सगळ्यात चांगलं म्हणजे वासरू आणि वार अख्खी प्रयोगशाळेत पोचवणं. गर्भ लहान असेल तर थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या बाटल्यांमध्ये तो मावतो. २४ तासांच्या आत पोचला पाहिजे. निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: निओस्पोराची तपासणी तुमच्याकडे होते का, आणि होत नसेल तर नमुना पुढे पाठवता का. सगळीकडे ही चाचणी नसते, आणि न विचारता पाठवलेला नमुना फक्त ब्रुसेलासाठी तपासून परत येतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं शिरवळ, परभणी, उदगीर, मुंबई, नागपूर इथे आहेत. जे जवळ आहे तिथून सुरुवात करा.

अख्खं नेणं जमणार नसेल तर डॉक्टरांकडून अवयव काढून घ्या. मेंदू सगळ्यात महत्त्वाचा, मग हृदय, मग यकृत. सोबत फुप्फुस, वारेवरची दोन-तीन फुलं, म्हणजे गोल गाठी, आणि पोटातलं पाणी. मेंदूचे दोन भाग करायचे. एक दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, मेंदूच्या दहापट फॉर्मलिन घेऊन. दुसरा स्वच्छ डबीत, नुसत्या थंडाव्यात. पहिला सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा पीसीआरसाठी, म्हणजे जनुकीय माग काढणाऱ्या चाचणीसाठी. बाकी अवयवांचंही तसंच. डब्यावर पेन्सिलनं लिहा. बॉलपेनची शाई ओलाव्यानं उतरते आणि मग कुठली डबी कुठल्या गायीची हे कुणालाच सांगता येत नाही.

आता रक्त. गाभडलेल्या गायीचं रक्त घेतात, ते बरोबरच आहे. पण तेवढंच घेऊन उपयोग नाही. समजा तिच्या रक्तात निओस्पोराची प्रतिपिंडं सापडली. त्याचा अर्थ एवढाच की तिला कधीतरी लागण झालेली आहे. याच वेळी गाभ त्यामुळेच पडला हे त्यावरून ठरत नाही. बाधित गायीलाही शिंग लागून गाभडता येतं. म्हणून जितक्या गायी गाभडल्या त्यांचं, आणि निदान तितक्याच, जमलं तर दुप्पट, वेळेवर व्यालेल्या गायींचंही रक्त एकाच दिवशी घ्या. गाभडलेल्यांत बहुतेक बाधित आणि व्यालेल्यांत एखादीच बाधित निघाली तर संशय पक्का होतो. दोन्हीकडे सारखंच निघालं तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. खात्री हवी असेल तर मात्र गर्भाच्या मेंदूतल्या आणि हृदयातल्या खुणाच लागतात.

रक्त साध्या, कोरड्या नळीत घ्या. तासभर सावलीत तिरकी ठेवून गोठू द्या, मग थंडाव्यात ठेवा. मोटारसायकलच्या डिकीत खडखडत नेलेलं रक्त फुटतं आणि रक्तजल लाल होतं. ते वाया जातं.

वही, आणि वहिनींची स्मरणशक्ती

त्या गोठ्यात वही नव्हती. ब्रुसेलाचे अहवाल नकारात्मक आले होते, पाचवी गाय गाभडली होती, आणि या वेळी वासराचा मेंदू मी स्वतः काढून पाठवला होता. उत्तर यायचं होतं. मी कागद घेऊन ओसरीवर बसलो आणि वहिनींना एकेक गाय विचारत गेलो. त्यांना कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर एकही पाठ नव्हता, पण प्रत्येक गाय कुठल्या सणाला भरली, कुठल्या पावसात व्याली, तिची आई कोण, आजी कोण, हे बोटावर होतं. "तांबू? ती बाजारातून आणलेल्या कपिलेची. कपिला पण एकदा गाभडलीच की, धाकट्याच्या बारशाच्या आधी. ही बांडी तांबूची. आणि ही हरणी कपिलेचीच, दुसऱ्या वेताची."

मी रेघा ओढत गेलो. गाभडलेल्या पाचांपैकी चार गायी एकाच म्हाताऱ्या गायीच्या लेकी-नाती होत्या. पाचवी बाहेरची होती, गेल्या वर्षी आणलेली. प्रयोगशाळेचं पत्र नंतर आलं आणि त्यात निओस्पोरा होता, पण माझ्यासाठी खरा अहवाल तो ओसरीवरचा कागद होता. परजीवी आईकडून लेकीकडे वाहत आला होता. आणि पाचवीला तो बहुधा मोतीनं दिला होता.

तुमच्याकडे वही असेल तर त्यात हे असू द्या: गायीचा बिल्ला, आई, आईची आई, विकत घेतली असेल तर कुठून, भरल्याची तारीख, रेतनकांडी की वळू, गाभडल्याची तारीख, वासराची लांबी. मग दोन प्रश्न विचारा. गर्भपात वर्षभर पसरलेत का, आणि एकाच घराण्यात होतायत का? तसं असेल तर आजार कळपात जुना मुरलेला आहे आणि पोटातून पोटात जातोय. की पाच-सहा आठवड्यांत नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या अनेक गायी एकदम गाभडल्या? तसं असेल तर मुरघासाचा एखादा भाग, पाण्याची टाकी किंवा पेंडीचं पोतं नुकतंच कुत्र्यानं घाण केलं असणार. पहिल्या प्रकारात लक्ष कालवडींवर द्यायचं, दुसऱ्यात चाऱ्यावर. बहुतेक गोठ्यांत दोन्ही थोडं थोडं असतं.

कुत्र्याची वाट बंद करणं

कुत्र्याला मारायचं नाही. एक तर प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटकी कुत्री मारणं किंवा दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे. आणि उपयोगही नाही, कारण आपला कुत्रा गेला की त्याच्या हद्दीत दोन नवी येतात. ती नवी कुत्री काय खाऊन आलीत हे तुम्हाला माहीत नसतं. राखणीला असलेला, ओळखीचा, घरचं शिजवलेलं खाणारा एक कुत्रा बाकीच्यांना लांब ठेवतो. त्याला कच्चं मांस, मेलेल्या जनावराचा तुकडा, वार यांपैकी काही मिळू देऊ नका, म्हणजे झालं.

खरं काम खड्ड्याचं आहे. फक्त गाभडल्यावर नाही, प्रत्येक वेतानंतर वार पुरायची. निरोगी वासरू व्यालेली गायही बाधित असू शकते आणि तिच्या वारेत परजीवी असू शकतो. खड्डा कंबरेपेक्षा खोल, वर चुना, मग माती, मग दगड किंवा काट्या. एक फुटाचा खड्डा म्हणजे कुत्र्याला ताट वाढून ठेवणं. काही गावांत वार फडक्यात बांधून वडाला लटकवायची रीत आहे, दुधाचं झाड म्हणून. भावना मी समजतो, पण कावळे ती फाडतात आणि खाली पडलेला तुकडा कुत्राच उचलतो. वडाच्या मुळाशी खोल पुरा. नदी-ओढ्यात तर मुळीच टाकू नका.

विण्याची जागा रात्री बंद करता आली पाहिजे. बऱ्याच गायी रात्री-पहाटे वितात आणि माणूस उठेपर्यंत वार पडून गेलेली असते. शेवटच्या पंधरवड्यातल्या गायीसाठी जाळीचं दार असलेला एक कोपरा करा. सगळ्या गोठ्याला कुंपण घालायला पैसे नसले तरी एवढं होतं.

मग चारा. मुरघासाच्या खड्ड्यावरचा कागद ओढून झाकलेला हवा. उघड्या तोंडावर ऊब असते म्हणून हिवाळ्यात कुत्री तिथेच झोपतात, तिथेच घाण करतात. पेंडीची पोती फळीवर, बंद खोलीत. गव्हाणीत रात्रभर कुट्टी पडून ठेवू नका. पाण्याचा हौद कुत्र्याच्या तोंडाला न लागेल इतका उंच असू द्या. आवारातली कुत्र्याची विष्ठा रोज उचला. वर सांगितलं तसं अंडी पिकायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे रोज उचललेली विष्ठा पिकण्याआधीच जाते. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

कालवडी: आजाराचं घर इथे आहे

या आजारावर गायीला देता येईल असं खात्रीचं औषध नाही. आपल्या बाजारात लसही नाही. न्यूझीलंड-अमेरिकेत एक लस काही काळ विकली गेली आणि नंतर बंद झाली. म्हणून "गाभ टिकायची इंजेक्शनं" देत बसू नका. बाधित गायींना मीही काही काळ ती देत होतो. हार्मोननं परजीवी थांबत नाही, फक्त मेलेलं वासरू उशिरा बाहेर येतं.

राहतो तो मार्ग म्हणजे पुढची पिढी निवडण्याचा. परदेशी पुस्तकं सांगतात की बाधित गायी कळपातून काढून टाका. आपल्याकडे गोहत्याबंदीचा कायदा आहे, गाय कत्तलखान्यात जात नाही. काढून टाकलेली गाय म्हणजे बाजारात उभी केलेली गाय, आणि ती कुणा दुसऱ्याच्या दावणीला जाते. कपिला अशीच आली होती. माझं सांगणं असं: चांगलं दूध देणारी बाधित गाय ठेवा, तिला भरा, तिचं दूध घ्या. ती पुन्हा गाभडेलच असं नाही. बाधित गायीचा धोका निरोगी गायीपेक्षा कैक पटींनी जास्त असतो, पण तरीही तिच्या बहुतेक गाभण्या पूर्ण होतात. फक्त तिच्या कालवडी तपासल्याशिवाय पुढच्या गायी म्हणून वाढवू नका. आणि विकायची वेळ आलीच तर घेणाऱ्याला खरं सांगा. भाव कमी येईल, तो येऊ द्या.

कालवड तपासायची सगळ्यात अचूक वेळ म्हणजे जन्मल्यावर, चीक पाजण्याआधी. वासराच्या स्वतःच्या रक्तात तेव्हा आईची प्रतिपिंडं नसतात. चीक पोटात गेला की आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात येतात आणि निरोगी वासरूही बाधित दिसायला लागतं. म्हणून बाधित गाय विणार असेल तर नळी आणि सुई आधीच तयार ठेवा, डॉक्टरांना सांगून ठेवा. वासरू पडलं, नाक-तोंड पुसलं, रक्त घेतलं आणि लगेच चीक. रक्तासाठी चीक तासापलीकडे लांबवायचा नाही. डॉक्टर वेळेवर पोचत नसतील तर रक्त सोडून द्या, चीक पाजा आणि सहा महिन्यांनी तपासा. तोवर आईकडून आलेली प्रतिपिंडं ओसरलेली असतात.

विकत आणायची गाय किंवा गाभण कालवड असेल तर ब्रुसेलासोबत निओस्पोराचीही तपासणी करून मगच पैसे द्या. दुधाची धार बघून, कास बघून, वेत विचारून गाय घेतो आपण. "ही कधी गाभडली होती का, हिची आई गाभडली होती का" हेही विचारायला शिका. फारच मौल्यवान वंशाची बाधित गाय असेल तर तिचा भ्रूण निरोगी गायीच्या पोटात वाढवता येतो आणि वासरू निरोगी मिळतं. ते खर्चिक आहे, प्रत्येकाला परवडणारं नाही.

वळूची बाजू

जिथे कृत्रिम रेतन होतं तिथे ट्रायकोमोनासचा प्रश्न फारसा नसतो. मान्यताप्राप्त वीर्यकेंद्रांतले वळू या आजारासाठी तपासलेले असतात. प्रश्न असतो तो "कांडीनं भरत नाही म्हणून" गावच्या वळूकडे नेलेल्या गायीचा. परजीवी वळूच्या लिंगाच्या आवरणातल्या घड्यांत राहतो. वळू चार वर्षांपेक्षा मोठा असला की त्या घड्या खोल होतात आणि तो जन्मभर वाहक राहू शकतो, दिसायला तगडा. त्यानं भरलेल्या गायी आठवड्यांनी, महिन्यांनी, वेळापत्रक सोडून उलटतात, काहींच्या गर्भाशयात पू साठतो, काहींचा गाभ लवकर पडतो. गायींना निदान तीन महिने विश्रांती दिली तर बहुतेक जणी आपोआप बऱ्या होतात. वळू बरा करण्याच्या नादी लागू नका. त्याला कळपातून थांबवा आणि पुढे कांडीच वापरा.

गोचिडाची बाजू

थायलेरिया संकरित गायीला फार कठीण जातो. १०४ ते १०६ अंश ताप, कानाखालच्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या, डोळ्यांत पाणी. अशा तापात गाभ जातो, कधी गायही. इथे औषध आहे, बुपारव्हाक्वोन, पण ते लवकर पडलं पाहिजे. गाठी दिसल्या त्याच दिवशी डॉक्टर. बबेसियात लघवी कॉफीच्या रंगाची होते, त्याचं औषध वेगळं. म्हणून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासल्याशिवाय अंदाजानं इंजेक्शन नको. थायलेरिया पसरवणारी गोचीड गायीच्या अंगाइतकीच भिंतींच्या भेगांत आणि दगडांच्या सांध्यांत राहते. अंगावर औषध मारून भेगा तशाच ठेवल्या तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. भेगा बुजवा, भिंतीवर ज्वाळा फिरवा.

गाभडलेल्या गायीला पुन्हा कधी भरायचं

पहिला माज सोडून द्या. निदान दोन महिने जाऊ द्या, गर्भाशय हातानं तपासून घ्या, मग भरा. हिशेब असा: पाचव्या महिन्यात गेलेला गाभ, त्यावर दोन महिने विश्रांती, मग नऊ महिन्यांचं गाभणपण. म्हणजे गाभडल्यापासून जवळजवळ वर्षानंतर दूध. ब्रुसेला वगळलेला असेल तर ती गाय कळपात ठेवायला हरकत नाही. कळपातल्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस दिली आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या. ती सरकारी मोहिमेत मिळते, आयुष्यात एकदाच द्यायची असते, आणि टोचताना सुई स्वतःच्या बोटात जाणार नाही याची काळजी डॉक्टरांनी आणि धरणाऱ्यांनी दोघांनी घ्यायची असते.

त्या गोठ्यावर मी गेल्या पावसाळ्यात पुन्हा गेलो होतो. हरणी व्याली, कालवड झाली. वहिनींनी रात्री दोनला फोन केला होता. मी पोचलो तेव्हा त्यांनी वासरू पोत्यानं कोरडं करून ठेवलं होतं आणि चीक काढून बादलीत झाकून ठेवला होता. मी रक्त घेतलं, त्यांनी बाटलीनं पाजलं. वार पडल्यावर त्यांच्या मुलानं टॉर्चच्या उजेडात ती पाटीत घेतली आणि बांधाकडच्या खड्ड्याकडे गेला. खड्डा संध्याकाळीच काढून ठेवलेला होता. मोती साखळीला होता.